खेळणीवाल्याची निळी जीभ

समुद्राला लागून असलेल्या एका गावात एक खेळणीवाला राहत होता. त्याचे लाखेच्या रंगाचे लाकडी खुळखुळे साऱ्या पंचक्रोशीत नावाजलेले होते. त्या गावची एक गमतीदार रीत होती. खुळखुळा आधी करणाऱ्याने स्वतःच्या तोंडात घालायचा, चांगला चघळायचा, आणि मगच धुऊन-पुसून विकायचा. बाळं काय, हाती येईल ते तोंडात कोंबणारच! म्हणून प्रत्येक आई खुळखुळा घेण्याआधी विचारायची, "चघळून बघितलाय ना?"

नाव झालं तशी मागणी वाढली. एकट्या माणसाचे हात पुरणार तरी किती? बायको म्हणाली, "अहो, असंच चाललं तर बारशाला सांगितलेला खुळखुळा तुम्ही मुंजीत नेऊन द्याल."

समुद्रापलीकडच्या बेटावर उत्तम कारागीर आहेत, असं खेळणीवाल्याच्या कानावर होतं. त्याने गलबतातून नमुना धाडला. आकार केवढा, आवाज कसा, रंग कोणता, सगळं बैजवार सांगून पाठवलं. चघळण्याचं सांगावं हे मात्र त्याच्या डोक्यातही आलं नाही. रोज सकाळी सूर्य उगवतो, हे कुणी कुणाला निरोप धाडून कळवतं का?

जत्रेच्या आदल्या दिवशी गलबत आलं. अंगणात पेट्यांची रास लागली. खेळणीवाल्याने हाताशी आलेली पेटी फोडली, एक खुळखुळा तोंडात घातला आणि मान डोलावली.

"झकास! शितावरून भाताची परीक्षा!"

"भांडं एकच असेल तर," बायको म्हणाली. "इथे किती पेट्या आहेत बघा तरी."

तिने अगदी मागची पेटी उघडली. त्यातले खुळखुळे तर आणखी झळझळीत! खेळणीवाला हरखला. त्यातला एक त्याने मिटक्या मारत चघळायला घेतला आणि लगेच तोंड वाकडं केलं.

"जीभ काढा बघू बाहेर," बायको म्हणाली.

जीभ निळीशार झाली होती. बायको खो-खो हसत सुटली आणि मधेच थांबली. हा रंग उद्या कुणाच्या पोटात जाणार होता, ते दोघांनाही एकदमच उमगलं. खेळणीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी एकेक करत सगळ्या पेट्या उघडल्या. पहिली सोडली तर बाकी सगळ्या तशाच निघाल्या.

एवढ्यात शेजारचा व्यापारी डोकावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "हात्तिच्या! हा माल मला द्या. मी लांबच्या बाजारात खपवतो. तिथे तुम्हाला कोण ओळखतं?"

खेळणीवाल्याने पेट्यांच्या राशीकडे पाहिलं. खोटं कशाला बोला, त्याला मोह पडला. वर्षभराची कमाई या जत्रेवर होती, आणि लांबच्या बाजारात त्याचं नावही कुणी घेतलं नसतं. मग त्याने कडवट तोंडाने आवंढा गिळला आणि विचारलं, "का हो, तिथल्या बाळांना दात येत नाहीत?"

व्यापारी 'तुमची मर्जी' म्हणून निघून गेला.

जत्रेत खेळणीवाल्याची ती एकच चांगली पेटी बघता बघता संपली. "बाकीचे कुठे लपवलेत?" लोक ओरडू लागले. त्याने सरळ जीभ काढून दाखवली आणि घडलं ते सांगितलं. हशा पिकला. काही जण रागावून बोललेही. एक आई मात्र हसली नाही. तिने कडेवरच्या लेकराला छातीशी घट्ट धरलं.

जत्रा सरल्यावर खेळणीवाला पेट्या घेऊन तरातरा बेटावर गेला. "फसवलंत मला!" तो मुख्य कारागिरावर कडाडला.

"फसवलं?" कारागीर गोंधळला. "लाख संपली, म्हणून तिच्याहून झळाळणारा रंग लावला. वाटलं, तुम्ही खूश व्हाल. आमच्याकडे खुळखुळा पाळण्यावर उंच टांगतात."

"आमच्याकडे बाळाच्या हातात देतात!"

"हातात?" कारागिराचा चेहरा पडला. "अहो, मग तो तोंडात जाणारच. हे सांगायचं नाही का आधी?"

"आणि रंग बदलताना विचारायचं नाही का?"

दोघेही ओशाळले. चूक अर्धी इकडची होती, अर्धी तिकडची. कारागिरांनी सगळे खुळखुळे खरवडून काढले आणि नवी लाख मागवली. रंगाचा ठिपकाही बदलायचा तर आधी विचारायचं, असं ठरलं. खेळणीवाल्याने तिथेच मुक्काम ठोकला. दर पेटीच्या तळापर्यंत हात घालून तो खुळखुळे काढी आणि कारागिरांच्या हातात देई. थोड्याच दिवसांत अख्खा कारखाना गाल फुगवून चघळताना दिसू लागला.

पेट्या भरायची वेळ आली. खेळणीवाल्याने मुख्य कारागिराला विचारलं, "कशी आहे चव?"

कारागिराने खुळखुळा या गालातून त्या गालात फिरवला, जीभ काढून दाखवली आणि म्हणाला, "अगदीच बेचव!"

"वा, वा!" खेळणीवाला आनंदाने ओरडला. "भरा पेट्या!"

तात्पर्य: काम सातासमुद्रापलीकडे सोपवता येतं, जबाबदारी मात्र आपल्याच घरी राहते. म्हणून आपल्याला उघड वाटणारी गोष्टही आधी सांगावी, आणि माल आल्यावर शेवटची पेटीसुद्धा उघडून बघावी.