वावडीचा दोर

माळावर एकच पवनचक्की होती आणि सगळे तिला आत्याबाई म्हणत, तेव्हाची ही गोष्ट. एकदा वारा पडला. आत्याबाईंची पाती थांबली आणि उबवणीच्या पेटीतला दिवा विझला.

“माझी अंडी गार पडतायत!” कोंबडी ओरडली.

खुंटीला बांधलेली, पतंगासारखी उंच उडणारी वावडी आभाळातून म्हणाली, “इथे वर वारा आहे. माझा दोर वीज बनवणाऱ्या चाकाला बांधा.”

“आधी पाय रोवून उभं राहायला शीक,” आत्याबाई फणकारल्या. “उंडारून कुठे वीज होते?”

“तुम्ही उभ्याच आहात ना? मग दिवा का विझला?”

कोंबडीने परवानगीची वाट पाहिली नाही. तिने दोर सोडून चाकाला गुंडाळला. वावडी झेपावली, चाक गरगरलं, दिवा लागला.

“बरं, जमलं. आता खाली ये,” आत्याबाई म्हणाल्या.

“पिल्लं बाहेर येईपर्यंत नाही,” वावडी म्हणाली. “आणि त्यानंतरही नाही.”