मनोऱ्याचा साक्षीदार

दुर्जयराजाच्या बागेतला मनोरा तिसऱ्या मजल्यावर पोचला आणि बागेमागच्या कुंभारआळीतल्या बायकांच्या आंघोळीची पंचाईत झाली! न्हाण्यांना तट्ट्यांचा आडोसा होता, पण वर छप्पर नव्हतं. बिचाऱ्या पहाटेच्या काळोखात कुडकुडत दोन तांबे अंगावर ओतून घ्यायच्या. म्हाळसाकाकूंनी तर एकदा शिकेकाई समजून चुलीतली राखच डोक्याला चोळली!

शेवटी काकूंची पुतणी सारजा दरबारात गेली. मुजरा करून तिने सरळ विचारलं.

"महाराज, मनोऱ्यावरून आमचं अंगण दिसतं. आम्ही न्हायचं कुठं?"

"काहीतरीच!" राजा म्हणाला. "मी वर जातो ते माझे गुलाब बघायला. तुमचं अंगण मला दिसतच नाही!"

"दिसतं, महाराज."

"तू कधी चढलीस गं वर?"

दरबार खो खो हसला. राजाला आणखी चेव आला.

"साक्षीदार आण! वर चढून पाहिलेलाच हवा हं! गवंड्यांची नजर विटेवर, आणि बाकी कुणाला मी वर पाऊल ठेवू देत नाही. पौर्णिमेच्या आत आणलास, तर मनोरा उतरवीन. नाही आणलास, तर आणखी दोन मजले चढवीन!"

घरी आल्यावर काकूंनी कपाळावर हात मारला. "म्हणजे वर जातो तो एकटा राजा! आता राजाविरुद्ध राजाच साक्ष देणार का गं?"

सारजा गालात हसली. "काकू, तुम्हाला वाघ-बकरी खेळता येतं?"

"छे गं बाई!"

"मग फारच छान!"

राजाला वाघ-बकरीचं भारी वेड. वाटेत गुराखी खेळताना दिसले, की हा पालखी थांबवून त्यांना चाली सांगायचा!

संध्याकाळी सारजाने अंगणभर चुन्याने पट आखला. वाघ म्हणून रांजण ठेवले, बकऱ्या म्हणून गाडगी. वाघ सारजाचे, बकऱ्या काकूंच्या. वाघाने उडी मारून बकरी खायची, बकऱ्यांनी वाघाला कोंडायचं.

काकूंनी भलतंच गाडगं सरकवलं. मनोऱ्यावर कुणीतरी खाकरलं.

काकूंनी त्याहून भलतं सरकवलं. कठड्यावरून एक पागोटं पुढे वाकलं.

सारजाने मुद्दाम आपले वाघ कोंडून घेतले; आता एकच वाघ मोकळा होता. तो कोंडायचा सोडून काकू तिसऱ्याच गाडग्याकडे वळल्या, आणि वरून आरोळी आली,

"अहो काकू, ते नको! चुलीजवळचं काळं गाडगं सरकवा! वाघ कोंडला जातोय, दिसत नाही का?"

सारजाने वर पाहून हात जोडले.

"काकूंना नाही दिसत, महाराज! पण तुम्हाला चुलीजवळचं काळं गाडगंसुद्धा दिसलं! वर चढून पाहिलेला साक्षीदार हवा होता ना? मिळाला!"

राजाने आ वासला. मग तो एवढ्यांदा हसला, की मनोऱ्यावरची कबुतरं भर्रकन उडाली.

"पोरी, माझ्याच तोंडून माझ्याविरुद्ध साक्ष! अरे, कोण आहे तिकडे? उद्याच मनोरा उतरवायला घ्या! त्याच विटांनी आळीतल्या न्हाण्या बांधून द्या, छपरासकट! आणि सारजाला माझ्याकडचा वाघ-बकरीचा हस्तिदंती पट द्या!"

काकूंनी पदर सावरला आणि मान वर केली. "महाराज, मग ते काळं गाडगं सरकवू का?"

"सरकवा की! केव्हाचा जीव टांगणीला लागलाय माझा!"