चिंचेने घासलेला टोप

“पण उणं काय आहे ह्यात, बुवा?”

विश्वंभर चित्रकाराने पुन्हा विचारले. मठाच्या सभामंडपात त्याने आपले चित्र भिंतीला टेकवून ठेवले होते. चिलखत ल्यालेला स्वार. अंगावरची एकेक कडी हाताने चाचपावी अशी. जुन्या फौजांचे पोशाख हाच त्याचा उभ्या आयुष्याचा ध्यास. हे चित्र गुरूंनी मठात लावून घ्यावे, एवढ्यासाठीच तो आला होता.

निरंजनबुवा माळ ओढत राहिले...

“अंगरख्याचे बंदसुद्धा चुकलेले नाहीत. आणि टोप तर अस्सल समोर ठेवून काढला.”

त्याने झोळीतून पोलादी शिरटोप काढून बुवांपुढे ठेवला. समईच्या उजेडात तो चांदीसारखा झळकला.

“लढाईतला?”

“होय. जुन्या बाजारात मिळाला तेव्हा गंजून गेला होता. देवाची उपकरणी घासावीत तसा चिंचेनं घासला.”

“कपाळावर काही होतं?”

“घाव बसून पत्रा खोल आत गेला होता. लोहाराकडून ठोकून सपाट करून घेतला.”

“आणि आत?”

“कापसाची गादी होती. काळी पडून कडक झालेली. केस चिकटले होते.” विश्वंभराने नाक मुरडले. “उकिरड्यावर टाकली. असली घाण चित्रात कोण पाहणार?”

माळ थांबली.

बुवा उठले, अंगणात विहिरीपाशी गेले. कुणाच्या मरणाची वार्ता येताच करतात तसे, अंगावरच्या वस्त्रांनिशी त्यांनी कळशीतले अर्धेअधिक पाणी डोक्यावरून ओतून घेतले.

विश्वंभर धावत बाहेर आला.

“बुवा... कोण गेलं?”

बुवांनी ओल्या हाताने सभामंडपाकडे बोट दाखवले.

विश्वंभराने वळून पाहिले. दारातून टोप दिसत होता. कपाळ कसे सपाट, नितळ. जणू तो घालणाऱ्याला तिथे कधी घाव बसलाच नव्हता. मागे चित्रातल्या स्वाराचे कपाळही तसेच.

त्याने सदरा उतरवला आणि स्नानासाठी कळशीकडे हात नेला.

बुवांनी कळशी उचलली आणि उरलेले पाणी तुळशीच्या मुळाशी ओतले.

“राहू दे, विश्वंभरा. तुझे हात चिंचेनं केव्हाच लख्ख झालेत.”