टेकूंमधली खुर्ची

“पण तारीख मी का टाकायची नाही?”

बाळगोंडा शेडबाळेने माउस सोडला आणि खुर्ची मागे ढकलली. साइट ऑफिसची पत्र्याची खोली करकरली.

मुलाणी मॅडम शेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी पडद्यावरची नजर हलवली नाही.

“तारीख टाकायची नसते, शेडबाळे. ती येते.”

“कुठून येते?”

“कामातून.”

बाळगोंडा हसला. त्या हसण्यात ऐकून घेण्याची तयारी अजिबात नव्हती.

चौदा पूल बांधलेला माणूस तो. कडगोळीच्या नदीवरचा हा पंधरावा. खडी कधी यायची, सळई कधी, कोणती टोळी कोणत्या खांबावर चढवायची, सगळं डोक्यात. खिशात वही होती, पण ती साहेब लोकांना दाखवण्यापुरती. आणि आता हेड ऑफिसचं पत्र आलं होतं, की कामाचं वेळापत्रक यापुढे कॉम्प्युटरवर बनेल, ते साइट इन्चार्जने स्वतः बनवायचं, आणि त्याचं सॉफ्टवेअर चार दिवसांत शिकून घ्यायचं.

शिकवायला कुलसुम मुलाणी आल्या होत्या. वय बासष्ट. धरणांच्या कामांचं नियोजन करण्यात उभी हयात गेलेली. बोलणं मोजकं.

आदल्या दिवशी, पहिल्याच तासाला, त्या म्हणाल्या होत्या, “या पुलाची कामं लिहून काढा.”

बाळगोंडाने एकच ओळ लिहिली. ‘पूल बांधणे.’ पुढच्या रकान्यात मुदत टाकली, चारशे दिवस. मग हाताची घडी घालून बसला.

मॅडमनी ओळ वाचली.

“छान. उद्या सकाळी सात वाजता कोणी काय करायचं?”

“ते उद्या मी सांगतो की.”

“आणि तुम्ही नसलात तर?”

“मी नाही, असं होत नाही.”

मॅडम चष्मा काढून पदराने पुसत बसल्या... पाच मिनिटं. दहा मिनिटं...

शेवटी त्यालाच ते सोसेना. रागारागाने त्याने कीबोर्ड ओढला आणि संध्याकाळपर्यंत एकशे सोळा कामं लिहिली. प्रत्येकापुढे सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख. एकही कोणाला न विचारता. ‘घ्या म्हणावं. कोण शिकवतंय कोणाला.’

आणि आज सकाळी मॅडम म्हणत होत्या, त्या सगळ्या तारखा पुसा.

“एकही चूक नाही त्यात,” बाळगोंडा म्हणाला. “दाखवा एक तरी.”

मॅडमनी माउस हातात घेतला. पडद्यावर प्रत्येक कामाची एकेक निळी पट्टी होती. पाचव्या खांबाची पट्टी त्यांनी टोकाला धरली आणि दहा दिवस उजवीकडे ताणली.

“समजा, हा खांब लांबला.”

बाकीच्या एकशे पंधरा पट्ट्या होत्या तिथेच राहिल्या. एकही हलली नाही.

“खांब अजून पुरा व्हायचाय,” मॅडम म्हणाल्या. “त्याच्यावरचा स्लॅब ओतूनसुद्धा झाला. कशावर ओतला?”

बाळगोंडाने माउस परत घेतला.

मग त्याने एकेक तारीख पुसायला घेतली. तोंडाने मात्र काही कबूल केलं नाही.

तिसरा दिवस सगळा एकाच प्रश्नात गेला.

मॅडम ओळीवर बोट ठेवायच्या. “हे कशासाठी थांबलंय?”

तो सांगायचा. पायाशिवाय खांब नाही. खांबाशिवाय सेंटरिंग नाही, म्हणजे स्लॅबचा साचा आणि खालचे टेकू. सेंटरिंगशिवाय सळई बांधता येत नाही, सळईशिवाय काँक्रीट नाही. उत्तरं त्याच्या जिभेवर होती. तो फक्त ‘आधीचं काम’ अशा नावाच्या रकान्यात आकडे भरत होता, आणि पडद्यावर एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीकडे बारीक बाण जात होते.

“आणि हे?”

“खांबांमधल्या चौथ्या गाळ्याचं सेंटरिंग. ते तिसऱ्या गाळ्याच्या खालून टेकू निघाले की. आपल्याकडे संच एकच आहे.”

“ते कधी निघतात?”

“काँक्रीट पडल्यावर अठ्ठावीस दिवसांनी. ताकद यायला तेवढे लागतातच.”

“लिहा.”

चारच्या सुमाराला शेवटचा बाण जोडला गेला. मॅडमनी एक बटण दाबायला सांगितलं.

एकशे सोळा पट्ट्यांपैकी काही लाल झाल्या. वरपासून खालपर्यंत लाल साखळी तयार झाली.

“यातलं कुठलंही काम एक दिवस लांबलं,” मॅडम म्हणाल्या, “तर पूल एक दिवस लांबतो. निळ्यांना सवड आहे. लालला नाही.”

बाळगोंडा पुढे वाकला. खांब लाल असणार, याची त्याला खात्री होती. गेले तीन महिने त्याने खांबांसाठी टोळ्या दोन-दोन पाळ्यांत राबवल्या होत्या. माणसांवर ओरडला होता. एकाला घरच्या लग्नाला सोडलं नव्हतं.

सगळे खांब निळे होते.

लाल रेघ टेकूंमधून जात होती. तिसरा गाळा, अठ्ठावीस दिवस. तेच टेकू चौथ्याखाली, पुन्हा अठ्ठावीस. तेच पाचव्याखाली, पुन्हा अठ्ठावीस. खांब तयार होऊन नुसते उभे राहणार होते, टेकूंची वाट बघत.

ही गोष्ट त्याला माहीत नव्हती असं नाही. तुकड्यातुकड्याने सगळी माहीत होती.

“म्हणजे मी तीन महिने...” तो म्हणाला, आणि थांबला.

मॅडम उठल्या. “उद्या नऊला.”

शेवटची तारीख पडद्याच्या कोपऱ्यात आपोआप येऊन बसली होती. अकरा मार्च.

चौथ्या दिवशी साडेदहाला निंबाळे साहेबांची जीप आली. ते प्रोजेक्ट मॅनेजर. बुटांचा चिखलही न झटकता आत आले आणि पडद्यासमोर उभे राहिले.

“अकरा मार्च? शेडबाळे, सव्वीस जानेवारीला उद्घाटन आहे. पत्रिका छापायला गेल्या.”

“टेकूंचा अजून एक संच द्या साहेब. दोन गाळे एकदम घेतो. मग ओढून आणतो.”

“संच मिळणार नाही. तुम्ही तारीख टाका.”

बाळगोंडाला सॉफ्टवेअरमध्ये तारीख टाकायची जागा सापडली होती. ‘या तारखेलाच संपले पाहिजे.’ त्याने सव्वीस जानेवारी टाकली. कॉम्प्युटरने निमूट घेतली. फक्त बाजूच्या रकान्यात एक आकडा उमटला. उणे चव्वेचाळीस.

“हे काय?”

“तेवढे दिवस आपल्याकडे नाहीत, साहेब.”

निंबाळे साहेबांनी चष्मा वर सरकवला. लाल पट्ट्या निरखल्या. हुशार माणूस होता, लगेच बोट ठेवलं.

“हे अठ्ठावीस, अठ्ठावीस, अठ्ठावीस. तेरा करा. तिन्ही ठिकाणी.”

“काँक्रीट आहे ते.”

“करा म्हणतोय ना.”

‘होतंय साहेब.’ बावीस वर्षांच्या नोकरीत बाळगोंडाने हेच दोन शब्द कमावले होते. शेडबाळेला सांगितलं की होतंय, अशी त्याची ख्याती होती. आताही ते शब्द ओठांपर्यंत आले.

त्याने मॅडमकडे पाहिलं. त्यांनी एक वाक्य बोलावं. निंबाळे साहेब त्यांच्या वयाला तरी मान देतील.

मॅडम चष्मा पुसत होत्या...

“नाही होत,” बाळगोंडा म्हणाला.

“काय म्हणालात?”

“नाही होत, साहेब. मी करणार नाही.”

निंबाळे साहेबांनी त्याच्या खांद्यावरून हात घालून माउस घेतला. पहिल्या अठ्ठावीसचे तेरा केले. दुसऱ्याचे. तिसऱ्याचे. पट्ट्या आज्ञाधारकपणे आखडल्या. लाल साखळी डावीकडे सरकली आणि कोपऱ्यातली तारीख बदलली. पंचवीस जानेवारी.

“बघा. एक दिवस आधीच!” ते हसले. “कॉम्प्युटर नाही म्हणत नाही, शेडबाळे. तुम्हीच म्हणताय.”

“त्याला स्लॅबखाली उभं राहायचं नसतं, साहेब.”

साहेबांचं हसू गेलं. त्यांनी कागद छापून घेतला, भिंतीवर चिकटवला आणि दारात वळले.

“मॅडम, तुमच्या विद्यार्थ्याला जरा नीट शिकवा.”

मॅडमनी मान डोलावली. त्याशिवाय काही नाही. दुपारी त्यांनी पिशवी भरली आणि पाचच्या एसटीने गेल्या. बाळगोंडा त्यांना सोडायला फाट्यापर्यंतही गेला नाही. चार दिवस या बाईने छळलं, आणि बोलायची वेळ आली तेव्हा काचा पुसत बसली.

संध्याकाळी त्याने अठ्ठावीसवालं वेळापत्रक पुन्हा बनवलं. छापलं, खाली सही केली, ‘बा. आ. शेडबाळे’, आणि साहेबांच्या कागदाशेजारी चिकटवलं. दुसरी प्रत हेड ऑफिसला पाठवली.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या गाळ्याचा स्लॅब ओतला गेला.

तेराव्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन सेंटरिंगच्या इराप्पा मिस्त्रीला गेला, थेट. टेकू काढायला लागा.

इराप्पा सहा माणसं घेऊन नदीपात्रात उतरला, आणि थबकला.

स्लॅबच्या बरोबर मध्याखाली, टेकूंच्या गर्दीत, एक खुर्ची होती. खुर्चीत बाळगोंडा शेडबाळे. मांडीवर लॅपटॉप.

“सायेब, बाहेर या. टेकू काढायचेत.”

“काढ की.”

“तुमी खाली बसलाय.”

“दिसतंय मला. काढ.”

इराप्पाने हातोडा बघितला. वरचा स्लॅब बघितला. मग हातोडा वाळूत ठेवला आणि बिडी पेटवली.

दुपारी निंबाळे साहेब आले. काठावरूनच ओरडले. निलंबनाची भाषा झाली, पोलिसांची झाली. बाळगोंडा जागचा उठला नाही.

“तुमच्या कागदावर तेरा आहेत ना साहेब? मग भरवसा असेलच. या, खाली या. दुसरी खुर्ची मागवतो.”

निंबाळे साहेबांनी वरच्या स्लॅबकडे पाहिलं. मग जीपकडे गेले.

त्याने पंधरा दिवस तिथेच कचेरी थाटली. हजेरी तिथे, खडीच्या गाड्यांच्या पावत्या तिथे, जेवणाचा डबा तिथे. रात्री त्याच्या जागी इराप्पा पथारी टाकायचा, कोणी न सांगता. लॅपटॉपवर बाळगोंडा त्या एकशे सोळा ओळी रोज उघडायचा. झालेलं काम भरायचा, बाण तपासायचा, कुठली निळी पट्टी लाल व्हायला लागलीय ते बघायचा. आता त्याला ते सवयीचं झालं होतं. ज्या माणसाला लग्नाला सोडलं नव्हतं, त्याला बोलावून त्याने चार दिवसांची रजा दिली. खांबावरच्या माणसांना आता सवड होती.

अठ्ठाविसाव्या दिवशी तो खुर्चीवरून उठला. इराप्पाच्या हातातून हातोडा घेतला आणि पहिला टेकू स्वतः काढला. स्लॅब जिथल्या तिथे राहिला.

त्याच आठवड्यात बदलीचा हुकूम आला. साइट काढून घेतली होती. दीडशे किलोमीटरवरच्या मध्यवर्ती गोदामात रुजू व्हायचं होतं, पाइप आणि प्लेटा नीट लावून ठेवायला. बाळगोंडाने हुकुमावर पोच दिली आणि ट्रंक उचलली. कोणाची मनधरणी केली नाही.

सव्वीस जानेवारीला कडगोळीत फीत कापली गेली नाही. चौथ्या स्लॅबखाली इराप्पा बसला होता. पाचव्याखाली त्याच्या टोळीतली माणसं आळीपाळीने बसली. नव्या इन्चार्जने आधी आरडाओरडा केला, मग भिंतीवरचा सहीवाला कागद वाचला आणि ओरडायचा थांबला. पूल चौदा मार्चला सुरू झाला. दोन्ही काठांच्या लोकांनी आपणच नारळ फोडला आणि बैलगाड्या घातल्या. हे सगळं बाळगोंडाला इराप्पाच्या फोनवरून कळलं.

एप्रिलमध्ये गोदामाच्या लोकांसाठी वर्ग लागला. विषय तोच, वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर. शिकवायला मुलाणी मॅडम.

बाळगोंडा पहिल्या रांगेत बसला. कुठल्या तरी तरण्या इंजिनिअरने विचारलं, तारीख आपण का टाकायची नाही, तेव्हा मॅडमनी बाळगोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही.

वर्ग सुटला. सगळे गेले. तो गेला नाही.

“मॅडम, एक विचारायचंय. सहा महिने डोक्यात आहे.”

“विचारा.”

“त्या दिवशी तुम्ही गप्प का बसलात? तुम्हाला सगळं दिसत होतं. तेरा म्हणजे काय, ते साहेबांपेक्षा तुम्हाला जास्त कळत होतं. तुम्ही एक शब्द बोलला असता तर मी आज तिथे असतो.”

मॅडम ऐकत होत्या.

“माझी साइट गेली,” त्याचा आवाज चढला. “मी तुमच्याकडे बघत होतो. दिसत होतं ना तुम्हाला, मी बघतोय ते?”

“दिसत होतं.”

“मग? काय करत होता तुम्ही?”

बाहेर गोदामात कोणीतरी पाइप टाकले. आवाज विरेपर्यंत मॅडम थांबल्या...

“शिकवत होते.”