मापानंतरचं रॉकेल

एकदा एक म्हातारा होता आणि त्याची एक तेलाची कंपनी होती. दृष्टांतातल्या म्हाताऱ्यांकडे सहसा झोपडी आणि कमंडलू असतो हे मला ठाऊक आहे. पण शहाणपणाने कुठे मुक्कामाला जावं याचा काही कायदा नाही. हा म्हातारा पश्चिम आफ्रिकेत, घाना देशाच्या समुद्रकाठी राहत असे आणि त्याच्या कंपनीचे चाळीस पंप होते. लोक त्याला ‘एग्या’ म्हणत. त्यांच्या भाषेत एग्या म्हणजे बाबा.

कंपनी सुरू झाली तेव्हा तिच्या मालकीच्या दोन वस्तू होत्या: रॉकेलचं एक पिंप आणि एक नरसाळं. तरुण एग्या बंदरावरून ते पिंप आडवं करून ढकलत बाजारात आणायचे आणि मासळीवाल्या बायकांच्या रांगेच्या टोकाला उभं करायचे. त्या काळी तेल विकावं ते परदेशी कंपनीनेच, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. आपल्यातलाच एक जण तेल विकतो याचं लोकांना आधी हसू आलं, मग कौतुक वाटलं, मग त्याची सवय झाली. पिंपाच्या जागी हातगाडी आली, हातगाडीच्या जागी टँकर आले. परदेशी कंपनीने परवडत नाहीत म्हणून आडगावचे पंप बंद केले, तेव्हा एग्यांनी ते एकेक करून घेतले आणि त्यांना आपला रंग दिला. ते दिवस आठवले की एग्या समुद्राकडे बघत बसत. तसे दिवस पुन्हा येत नाहीत, हे त्यांना कळत होतं आणि त्याचं त्यांना वाईट वाटत होतं.

त्यांच्या हाताखाली कोजो नावाचा एक शिष्य होता. तिशीचा, राजधानीत शिकलेला, इस्त्रीचा सदरा घालणारा. पुढे कंपनी त्यानेच चालवावी अशी एग्यांची इच्छा होती. मुलगा सरळ होता. त्याने बाजारातलं जुनं पिंप काढून तिथे रॉकेलसाठी मीटरचा नवा पंप बसवला. आकडा फिरतो, बरोबर एका लिटरवर थांबतो, कुणाची फसवणूक नाही. या पंपावर अराबा नावाची बाई बसायची. नवरा मासेमारीच्या बोटीवर, घरात तीन मुलं, आणि चूल पेटायची ती तिच्या पगारावर.

आता इथे एक रिवाज सांगितला पाहिजे. त्या भागात कुठलाही सौदा मापाशी संपत नाही. माप भरून झालं की विकणारीने वर थोडं घालायचं, आणि ते पडेपर्यंत गिऱ्हाइकाने भांडं मागे घ्यायचं नाही. आपल्याकडे हे काही नवं नाही. आमचा दूधवाला माप ओतल्यावर वर एक धार सोडायचा, आणि आई तोवर पातेलं तसंच धरून असायची. आता पिशवी येते. मला पिशवीचा राग आहे, आणि तो या लेखात कुठे कुठे दिसेल, तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

अराबा हेच करत होती. मीटर थांबलं की ती शेजारच्या डब्यातून अर्धा कप रॉकेल हाताने बाटलीत ओतायची. कोजोने ते पाहिलं आणि तिला विचारलं.

“बाटली समोर धरलेली असते, साहेब,” अराबा म्हणाली. “मग हात आखडता कसा घेऊ?”

“पण ते तेल तुझं नाही. आणि तू कुणाला जास्त घालतेस, कुणाला कमी.”

“बाळंतिणीला जास्त घालते,” अराबाने कबूल केलं.

कोजोने तिला कामावरून काढण्याचं पत्र लिहिलं आणि सहीसाठी एग्यांपुढे ठेवलं. त्याला वाटलं होतं की म्हातारा वाद घालील. एग्यांनी सरळ सही केली. मग पत्राची घडी करून ती स्वतःच्याच खिशात टाकली.

“तिला आठ दिवसांची भरपगारी रजा दे,” ते म्हणाले. “तोवर तिच्या जागी तू बस. आठव्या दिवशी ती पत्र न्यायला येईल. तेव्हाही तुझं मत हेच असेल, तर मी ते तिच्या हातात देईन.”

सही केली मग पत्र का दिलं नाही, आणि द्यायचं नव्हतं तर सही कशाला, हे कोजोला समजेना. पण गुरूंची आज्ञा म्हणून तो बाजारातल्या स्टुलावर जाऊन बसला.

पहिल्या दिवशी पहिलीच बाई आली. मीटर फिरलं, लिटरवर थांबलं. बाईने बाटली मागे घेतली नाही. कोजोने तिच्याकडे पाहिलं, तिने कोजोकडे. “झालं,” तो म्हणाला. “झालं?” तिने विचारलं, आणि जरा थांबून बूच लावलं. दिवसभर असंच चाललं. चौथ्या दिवशी रांग अर्ध्यावर आली. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस पिंपातून रॉकेल विकायचा. त्याच्याकडे महाग होतं आणि त्यात पाणीही असायचं, तरी बायका तिकडे वळल्या.

कोजो हुशार होता. त्याने मेकॅनिकला बोलावून मीटर असं लावून घेतलं, की आकडा एक लिटर दाखवील आणि पडेल मात्र लिटर आणि वर एक कप. अराबा देत होती त्याच्या दुप्पट. त्याने ही गोष्ट रांगेत मोठ्याने सांगितलीही. बायकांनी ऐकून घेतलं. आणि मीटर थांबल्यावर बाटल्या होत्या तिथेच धरून ठेवल्या.

सातव्या दिवशी संध्याकाळी तो एग्यांकडे गेला. सदऱ्याला रॉकेलचा वास येत होता आणि तो चिडलेला होता.

“एग्या, मी तिच्या दुप्पट देतोय. यांना अजून काय हवंय?”

एग्यांनी त्याला बसायला सांगितलं.

“तू मापात भर घातलीस,” ते म्हणाले. “मापात घातलं की तेही मापच होतं, बाळा. मी पिंप घेऊन उभा राहायचो तेव्हा परदेशी कंपनीचा माणूस समोरच असायचा. त्याचं माप पितळेचं, अगदी चोख. माझं डब्याचं, एका बाजूने चेपलेलं. तरी बायका माझ्याकडे आल्या. सौदा पुरा झाला की घेणारा आणि देणारा दोघे सुटतात, एकमेकांचे कुणी राहत नाहीत. त्या वेळी बाई बाटली धरून थांबते ती तेलासाठी नाही. आता तुझं माझं काही लागत नाही, तरी मी तुला दिसते का, हे ती बघत असते. ‘दिसतेस’ हे यंत्राला सांगता येत नाही, कितीही ओतलं तरी. चाळीस पंप झाले, त्यातल्या कितींवर हे कुणी सांगतं, मला माहीत नाही. मला भीती वाटते. लोक या कंपनीला आपली म्हणतात ते पाटीवरच्या नावामुळे, असं तुला वाटायला लागलं होतं. म्हणून तुला तिथे बसवलं.”

“मग सही का केलीत?”

“तुझा निर्णय होता. मी तो अडवला असता, तर तू माझं ऐकलं असतंस. समजलं काहीच नसतं.”



आठव्या दिवशी सकाळी कोजोने मीटर पूर्ववत करून घेतलं आणि एक डबा रॉकेलने भरून शेजारी ठेवला. अराबा पत्र न्यायला आली तेव्हा तो पंपावरच होता, म्हणून ती बाजूला उभी राहिली. चेहरा उतरलेला होता; धाकटा मुलगा पाठीला बांधलेला होता. एक म्हातारी रांगेतून पुढे आली. मीटर थांबलं. कोजोने डब्यातून कप भरला आणि वाकून तिच्या बाटलीत ओतला. थोडं बाहेर सांडलं, तिच्या बोटांवर आणि त्याच्या बाहीवर.

म्हातारीने बूच लावलं, पण ती गेली नाही. आठ दिवस ती रोज येत होती आणि एक शब्द बोलली नव्हती.

“कुणाचा रे तू?” तिने विचारलं.

कोजोने आईचं नाव सांगितलं, गावही सांगितलं. म्हातारीला यांतलं काहीच माहीत नव्हतं. तरी तिने ते नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं, नीट लक्षात राहावं म्हणून, आणि बाटली डोक्यावरच्या टोपलीत ठेवून ती निघाली. मागची बाई पुढे झाली. तिला घाई नव्हती.

अराबा जवळ आली. “साहेब, माझं पत्र?”

“एग्यांच्या खिशात आहे, तिथेच राहू दे,” कोजो स्टुलावरून उठत म्हणाला. त्याने कप तिच्यापुढे धरला. “हे कसं धरतात ते जरा दाखव. माझ्याकडून सांडतंय.”