पट्टी कुणी लावायची?

"...आणि ती माझ्यापर्यंत पोचलीच नाही तर? मग काय करायचं, बाई?"

केतकी डोईफोडे विचारत होती. विचारत कसली, भांडतच होती.

आशियाई स्पर्धा. स्टेडियममागचा सरावाचा ट्रॅक. दुसऱ्या दिवशी महिलांच्या चार बाय शंभर रिलेची फायनल. प्रशिक्षक हिरेमठबाई कट्ट्यावर बसून संत्रं सोलत होत्या. जन्मभर सोलापुरात शाळेतल्या पोरींना पळवलेली बाई. परदेशात आल्या म्हणून बोलणं वाढलं नव्हतं.

"सकाळी हीटमध्ये बघितलंत ना? डोळ्यांत प्राण आणून वाट बघत होते मी. तेव्हा कुठं आल्या जमुनाताई!"

"बघितलं."

"कसंबसं पात्र झालो. बाळंतपणानंतर तिचा वेग गेलाय, बाई. सगळे बोलतात. तुमच्यासमोर बोलत नाहीत एवढंच. राखीव मुलगी आहे ना आपल्याकडं? उद्या तिला घ्या."

बाईंनी एक फोड तोंडात टाकली.

केतकी देशातली सगळ्यांत वेगवान मुलगी. हे तिला माहीत होतं, आणि कुणाला माहीत नसेल तर ती सांगायची. रिलेत ती शेवटची पळे. पेपरात फोटो येतो तो शेवटचीचाच.

"पट्टी कुठं लावली होतीस?" बाईंनी विचारलं.

केतकी बुटाची नाडी बांधायला वाकली.

बॅटन घेणारी आपल्या लेनमध्ये, थोडं मागे, एक चिकटपट्टी लावून ठेवते. मागून येणारीचा पाय त्या पट्टीवर पडला की हिने सुटायचं आणि मग वळून बघायचं नाही. हात मागे करून पळत राहायचं. पट्टी लांब लावली तर हिला वेग घ्यायला वाव मिळतो. पण मागचीने गाठलं नाही आणि बॅटन देण्याची ठरलेली हद्द संपली, तर चौघी बाद. पट्टी जवळ लावली तर बॅटन नक्की मिळतं, पण उभ्या उभ्या.

"सरावात लावते तिथंच..."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या.

"थोडी अलीकडं घेतली. ती पोचत नाही म्हणूनच घेतली ना!"

"जमुने, इकडं ये गं."

तिसरी पळणारी जमुना पाडवी नंदुरबारकडची. लहान लेकीला आईजवळ ठेवून आलेली. पलीकडे गवतावर पाय ताणत बसली होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं आणि लागलंही होतं. चेहऱ्यावरून कळत होतं.

"सकाळी शेवटी वेग का तोडलास?"

"पुढं ही उभी होती, बाई."

"मग?"

"मग काय... हिच्या अंगावर जाऊ? दोघी पडलो असतो. पाय आखडून घेतले मी."

केतकी कट्ट्यावरची संत्र्याची सालं गोळा करू लागली. 

बाईंनी खिशातून चिकटपट्टीचं भेंडोळं काढलं. केतकीने सवयीने हात पुढे केला. बाईंनी ते जमुनाच्या हातात ठेवलं.

"पट्टी घेणारीनं लावायची असते, बाई."

"असं नियमात आहे?"

"...नाही."

जमुना केतकीच्या उभं राहायच्या जागेपासून मागे चालत निघाली. केतकीने सकाळी पट्टी लावली होती तेवढं अंतर झालं. ती थांबली नाही. सरावातली खूण आली, तीही तिने ओलांडली. आणखी पुढे जाऊन वाकली, दातांनी पट्टी तोडली आणि अंगठ्याने दाबून बसवली.

"इतक्या लांब?" केतकी ओरडली. "अगं, मी पार निघून जाईन!"

"जा की."

"आणि तू नाही पोचलीस तर?"

जमुनाने बॅटन घेतलं आणि मागे जाऊन उभी राहिली.

दोनदा करून बघितलं. दोन्ही वेळा केतकीने मध्येच मागे वळून बघितलं. दोन्ही वेळा बॅटन खाली पडलं.

"तिसऱ्यांदा, बाई?"

"पुरे. पाय दमतील."

एवढंच बोलून बाई जेवायला निघून गेल्या.

फायनलला प्रत्येकीला आपापल्या जागी नेऊन सोडतात. जमुना तिकडे, समोरच्या बाजूला. त्यामुळे पट्टी केतकीलाच लावायची होती. कुठे लावली, ते बघायला कुणी नव्हतं.

पावलं मोजत ती आपल्या जुन्या खुणेच्या अंतरावर आली. वाकली...

उठली. आणखी पुढे गेली आणि आदल्या दिवशी जमुनाने लावली होती तेवढ्या अंतरावर पट्टी लावली. 

बंदूक सुटली.

जमुनाच्या हातात बॅटन आलं तेव्हा भारत पाचवा होता. वळणावरून ती येताना दिसली. तिचा पाय पट्टीवर पडला आणि केतकी सुटली.

हात मागे केला. रिकामा.

अजून रिकामा. हद्दीची रेघ जवळ आली. मागून पावलं वाजत होती, पण आठ लेनमधल्या पावलांत आपलं माणूस कुठलं, कसं ओळखायचं? थांब, वळून बघ, असं सगळं अंग सांगत होतं.

केतकीने होतं नव्हतं ते पायांत ओतलं.

आणि तळहातावर बॅटन आदळलं.

भारत दुसरा आला. कॅमेरे धावत आले तेव्हा केतकी तिथे नव्हतीच. ती ट्रॅकवरून उलटी पळत गेली होती, वळणावर आडव्या पडलेल्या जमुनाला उठवायला. दोघी हसत होत्या की रडत होत्या, लांबून कळत नव्हतं. माझ्या मते दोन्ही.

पदकं गळ्यात घालून दोघी बाईंसमोर आल्या.

"बाई, हात रिकामा होता. मला वाटलं, ती येत नाही."

"मग थांबलीस?"

"नाही... आणखी जोरात पळाले."

"का?"

केतकीने जमुनाकडे बघितलं. 

"सांगता येत नाही, बाई."

बाईंनी मान डोलावली. त्यांना हेच उत्तर हवं होतं की काय, कोण जाणे.

"पुढच्या वेळी पट्टी आणखी लांब लावू का?" केतकीने विचारलं.

"पुढच्या वेळी," बाई म्हणाल्या, "तिसरी तू पळायचंस."