बुवांच्या टाचांचं मुठेल

"मग मला कधी, बुवा?"

लहूनं विचारलं. मांडीवर आबाबुवांचा पाय. शेजारी निखाऱ्यावर पळी, पळीत मुठेल पातळ होत होतं.

आबाबुवांनी दुसरा पाय पुढं केला.

"मागनं आलेल्यांना अनुग्रह मिळाला. त्या गवंड्याला मिळाला. कंडक्टरला मिळाला. कंडक्टर तर अमावस्येपुरता येतो, जेवतो, जातो. मी इथंच ऱ्हातो, इथंच झिजतो. मला कधी?"

"हात बरं हूं देत."

"हातांचा आन अनुग्रहाचा काय संबंध?"

मठ घाटाच्या तोंडाशी. अमावस्येला माणूस मावत नाही. माणूस आला की संडास आले, हे भाविकांच्या ध्यानात नसतं. मठाला ठेवावं लागतं. ते काम लहूचं. संडासाला अ‍ॅसिड, फरशीला फिनेल, मोरीला ब्लिचिंग, जेवणाच्या काळ्या डेगींना सोडा. सगळं उघड्या हातानं.

त्याचे हात बघवत नव्हते. बोटांची पेरं उभी फाटलेली, तळवे आडवे. नखांच्या कडेनं रक्त. शर्टाची बटणं सुद्धा शेवंताक्का लावून द्यायची. शेवंताक्का म्हणजे मठातली स्वयंपाकीण.

आबाबुवांनी त्याला रबरी हातमोजे आणून दिले होते. चांगले, कोपरापर्यंतचे. ते मोरीतल्या खिळ्याला लोंबत होते, आणल्या दिवसापासून.

लहूचं म्हणणं, "मोजं घालून सेवा म्हंजे छत्री धरून आंघोळ."

हे तो चार लोकांत बोलला. लोक वा म्हणाले. तिथंच घोटाळा झाला. वा म्हटलं की माणूस बिघडतो.

पुढं पुढं तो प्रसाद घेतानासुद्धा हात असा पसरायचा की भेगा दिसाव्यात. लंगड्याचं असतं तसं. पाय दुखतो हे खरं, पण बघणारा असला की जरा जास्त दुखतो.

शेवंताक्का तेवढी सोडायची नाही.

"लहू, खोबरं किसायचंय. किसणी गावंना. हात दे जरा."

"हस गं हस. देव बघतोय."

"देव बघतोय म्हणून तर म्हणते. त्यालाबी बघवंना झालंय."

मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. घाटाखालच्या बाया काढतात. थिजायला आलं की मुठीत दाबून गोळे करतात, म्हणून मुठेल. गोळ्यावर बाईची बोटं उमटलेली असतात. भेगांवर त्याच्यासारखं औषध नाही. आबाबुवांच्या टाचा थंडीत फुटल्या तेव्हापासून रोज दुपार कलली की लहू ते चोळायचा. डोळे मिटून, नाम घेत. चोळून झालं की उठून थेट नळावर. भांड्याच्या पावडरीनं हात खसाखसा घासायचा. तेलाचा ओशटपणा राहू द्यायचा नाही.

का, ते त्यानं एकदा सांगितलं होतं.

"तेल बुवांच्या पायाचं. ते आपल्या अंगात मुरवायचं म्हंजे चोरीच की. समईतलं तेल कुणी डोस्क्याला लावतं व्हय?"

ऐकायला बरोबर वाटलं. म्हणून कुणी काही बोललं नाही. ऐकायला बरोबर वाटणारं सगळ्यात जास्त नुकसान करतं.

तर त्या दिवशी लहू पेटला होता.

"आज देता का न्हाई, सांगा. न्हाईतर मी जातो."

"कुठं?"

"दुसऱ्या मठात. जिथं ह्या हातांची कदर हाय तिथं."

आबाबुवांनी त्याच्याकडं बघितलं. मग आत हाक दिली.

"शेवंता, तीर्थ आण गं."

लहूचा चेहरा असा उजळला की सकाळपासनंचा राग कुठल्या कुठं गेला. हात पंचाला पुसले. सरळ बसला.

इथली रीत साधी. उजव्या तळव्याची वाटी करायची. बुवा तीर्थ ओततात. थेंब न सांडता प्यायचं, ओला हात डोक्यावरनं फिरवायचा. मग बुवा कानात नाव सांगतात. सांडलं, तर त्या दिवशी नाही.

लहूनं हात पुढं केला. वाटी करायला गेला.

वाळल्या पानाचा द्रोण होत नाही. दुमडलं की तडकतं. तळवा मधोमध उकलला.

आबाबुवांनी पळीभर तीर्थ ओतलं. ते तळव्यात थांबलंच नाही. भेगेनं वाट धरली, मनगटावरनं खाली आलं. लहूचा दात ओठावर. तीर्थात कापूर होता, झोंबलं असणार. शेवटचा थेंब आबाबुवांच्या पांढऱ्या धोतरावर पडला.

तांबडा होता.

"सांडलं," लहू म्हणाला.

"हं."

"मुद्दाम केलंत."

"हात तुझा. म्या फकस्त पाणी वतलं."

"आन ह्ये हात कुणापायी झालं असं? संडास धुवायला तुमीच सांगितलंत!"

"संडास धुवायला सांगितलं. हात धुपवायला कोण सांगितलं?"

लहू उठला. चार पावलं गेला. मग परत आला आणि बसला. पाय चोळायचे राहिले होते. माणूस आडमुठा, पण नेम मोडणारा नव्हता.

त्यानं पाय मांडीवर घेतला. डोळे मिटले. पळीला हात घातला.

"डोळं उघड," आबाबुवा म्हणाले.

"नाम घेतोय."

"नाम पळून जात न्हाई. टाच बघ."

लहूनं डोळे उघडले. टाच बघितली. उलटी करून बघितली. दुसरी बघितली. तान्ह्या पोराच्या असाव्यात तशा टाचा. एक चीर नाही.

"...भेगा?"

"शिमग्यालाच भरल्या," शेवंताक्का दारातनं म्हणाली. "मी रोज बघते की. माझं डोळं उघडं असत्यात."

"मग बुवा... रोज चोळायला कशापायी सांगत हुता?"

आबाबुवा त्याच्या हातांकडं बघत राहिले.

लहूनंही आपल्या हातांकडं बघितलं. मग नळाकडं बघितलं. नळाखाली पावडरीचा डबा होता, झाकण उघडं.

पळीतलं मुठेल कडेनं थिजायला लागलं.

आबाबुवांनी पळी परत निखाऱ्यावर धरली. पाय काढून घेतला, आणि लहूचे दोन्ही हात ओढून आपल्या मांडीवर घेतले.

"बुवा, नको! संडासाचं हात हायत."

"माझ्या पायाला चालत्यात की रोज."

बोटानं तेल घेऊन ते एकेक भेग भरायला लागले. घाई नाही. घडीत राहिलेलं धोतर उलगडावं तसं एकेक बोट उलगडून.

"भाजतंय?"

"न्हाई."

"मग रडतोस कशापायी?"

"धूर गेला डोळ्यात."

"चूल हिकडं हाय," शेवंताक्का म्हणाली.

तेल चोळता चोळता आबाबुवा बोलत होते. मंत्र सांगावा तसं नाही, भाजी निवडताना बोलावं तसं.

"हात धुवायचं ते साध्या कोमट पाण्यानं. पावडर न्हाई. घासायचं न्हाई, टिपायचं. वलसर हायत तवर तेल लावायचं, मग आत ऱ्हातंय."

"व्हय."

"मोजं फाटलं की टाकायचं. आत गेलेलं अ‍ॅसिड हाताला धरून बसतंय, उघड्या हातापरीस वाईट. आन ब्लिचिंगात अ‍ॅसिड कधी मिसळायचं न्हाई. छातीत धूर जाईल, मग हात कशाला आन अनुग्रह कशाला."

"व्हय."

"ह्ये भरलं न्हाई आन चिघळलं, तर तालुक्याच्या डॉक्टरकडं. तिथं मुठेलाचा हट्ट करायचा न्हाई."

"व्हय, बुवा."

मग ते उठले. मोरीत गेले. कोनाड्यातनं पांढरे सुती हातमोजे काढले. बँड वाजवणाऱ्या एका भक्तानं दिले होते, वरातीतले. ते आधी घातले. त्यावर खिळ्यावरचे रबरी. धोतर वर खोचलं, बादली उचलली.

लहू ओरडलाच. "बुवा! कुठं?"

"संडासात."

"तुमी न्हाई जायचं! माझी सेवा हाय ती!"

"भेगा भरंस्तवर तू तिकडं फिरकायचं न्हाई."

"मग मी काय करू?"

"हात सांभाळ."

"ही काय सेवा झाली?"

"करून बघ. अवघड हाय."

खरंच अवघड होतं. लहूनं डेगीला हात लावला की शेवंताक्का उलथणं उगारायची. संडासाकडनं खराट्याचा आवाज आला की तो ओसरीवर येरझाऱ्या घालायचा. झोपताना हाताला मुठेल लावून वर पांढरे मोजे चढवायचे, असं आबाबुवांनी सांगितलेलं. वाळत घातलेले मोजे रोज तोच काढून आणायचा. भक्तिभावानं घालायचा.

"बघा बया," शेवंताक्का म्हणायची, "वरातीतनं हरवलेला बँडवाला. नवरी कुठं सोडलीस रं?"

येणारे भाविक विचारायचे, लहू, हात कसे? दाखवायला काही राहत नव्हतं. हे त्याला भेगांपेक्षा जास्त लागलं असावं. पण ते दुखणं त्यानं कुणाला दाखवलं नाही. तिथनं वाटायला लागलं, माणूस सुधारतोय.

आधी बोटं भरली. तळवे उशिरा. एका सकाळी शेवंताक्का बटणं लावायला आली, तर लावलेली होती. तिनं वरचं एक काढून परत लावलं आणि गेली.

त्याच दिवशी दुपार कलल्यावर लहू ओसरीवर येऊन बसला. आबाबुवा संडास धुऊन आले होते, पाय पुसत होते. लहूची नजर टाचांवर गेली.

टाचा फुटल्या होत्या. खरोखरच्या. खोल.

"ह्ये काय!"

"काय?"

"हाताला दोन दोन मोजं, आन पाय उघडं? अ‍ॅसिडाच्या पाण्यात? गमबूट हायत की कोठीत!"

आबाबुवा म्हणाले, "गमबूट घालून सेवा म्हंजे छत्री धरून आंघोळ."

आत शेवंताक्काला ठसका लागला.

"हसू नका, बुवा," लहू म्हणाला. हसत नव्हता तो. "चेष्टा न्हाई ही. आना हिकडं पाय. उद्यापासनं मी जातो. मोजं घालून जातो, गमबूटबी घालून जातो. तुमी आत पाऊल टाकायचं न्हाई. सांगून ठेवतो."

"बरं."

"बरं न्हाई. व्हय म्हणा."

"व्हय."

त्यानं मुठेलाचा गोळा घेतला. पळीत पातळ केला, स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघितला, आणि भेगा भरायला बसला. डोळे उघडे ठेवून. नाम घेत होता की नाही, ठाऊक नाही. ओठ हलत नव्हते. कुठं दुखतंय हे बघण्यात गुंतला होता.

अनुग्रहाचं त्यानं विचारलं नाही. विसरला असावा.

झालं. पळी बाजूला ठेवली. उठला नाही. नळाकडं बघितलंही नाही. हात मांडीवर तसेच, तेलानं चमकत.

आबाबुवांनी हाक दिली.

"शेवंता... तीर्थ आण गं."

लहू दचकला. "बुवा, हात तेलकट हायत. तुमच्या पायाचं तेल हाय."

"असू दे."

"धुऊन येतो की. आत्ता येतो."

"लहू. हात पुढं कर."

त्यानं केला. तळव्याची वाटी झाली. आबाबुवांनी तीर्थ ओतलं. तेलावर ते मोत्यांसारखं जमून राहिलं, हाललं, पण कुठनं गेलं नाही. लहू बघतच राहिला.

"पी की."

प्याला. मग रीतीप्रमाणं ओला हात डोक्याकडं न्यायला लागला.

आबाबुवांनी मनगट धरलं. हळूच खाली आणलं, आणि तो ओला हात त्याच्याच दुसऱ्या हातावर ठेवला. मग कानाशी वाकले.

"डोस्क्याला नको, लहू. ह्या हाताचं त्या हाताला कळू दे."